लॅसिक होऊन अडीच महिने झाले, डोळे कोरडे आणि संध्याकाळी धूसर: नंबर परत आला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, दोन्ही डोळ्यांना उणे ५ च्या आसपास नंबर होता, मे अखेरीस लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालं. राहायला घोडबंदर रोडला, काम ऐरोलीला आयटीत, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीन. पहिला महिना छान गेला, पण आता दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, जळजळ होते, संध्याकाळी अक्षरं धूसर आणि रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे पसरलेले दिसतात. जिथे ऑपरेशन केलं तिथे "नॉर्मल आहे, ड्रॉप टाकत राहा" एवढंच सांगितलं, दुसऱ्या एका ठिकाणी पाऊण नंबर निघाला म्हणून टच-अप, म्हणजे उरलेल्या नंबरसाठी परत लेझर, सुचवलं. आई म्हणतात लेझरच्या उष्णतेने डोळे सुकले. ओमेगा-३ च्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या, गोळ्या घ्याव्यात का हेही विचारलंय. आणि धाकट्या भावाला डिसेंबरात हेच करून घ्यायचंय.

मी ठाण्यात नेत्रतज्ज्ञ आहे, अशा तक्रारी घेऊन येणारे पेशंट रोजचे आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, टच-अपला आत्ता होकार देऊ नका. नंबर काढायच्या मशीनचा प्रकाश अश्रूंच्या थरातूनच आत जातो आणि बाहेर येतो, तो थर मध्येच तुटत असेल तर आज पाऊण येईल, उद्या सकाळी पाव येईल, परवा शून्य येईल. अशा आकड्यावर विसंबून परत लेझर मारायचा म्हणजे ज्या गोष्टीमुळे धूसर दिसतंय ती तशीच ठेवून वर अजून एकदा डोळ्याच्या पृष्ठभागाच्या नसा कापायच्या (त्यांचं काम पुढे सांगते) आणि कोरडेपणा आणखी वाढवायचा. आधी अश्रूंचा थर नीट करा, मग सहाव्या महिन्याच्या सुमारास दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, ऑफिसला जायच्या आधी नंबर काढून घ्या. दोन्ही दिवशी सारखाच आला आणि त्या नंबरच्या काचा लावून खरंच फरक पडला तर मग टच-अपचं बोलू. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग, तेवढा जाड उरलाय का ते बघून, अर्थात.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. धूसर दिसत असेल तेव्हा लांबच्या कुठल्यातरी पाटीवर नजर ठेवा, हळूच पूर्ण पापणी मिटून उघडा. मिटल्यावर दोन-चार सेकंद स्वच्छ दिसलं आणि परत विरघळल्यासारखं झालं तर तो अश्रूंचा प्रश्न आहे. कितीही वेळा मिटा, ड्रॉप टाका, तरी तेवढंच धूसर, सकाळी उठल्यावरही तेवढंच, तर खरा नंबर उरला असण्याची शक्यता जास्त. तुम्ही जे लिहिलंय, सकाळी ठीक आणि दुपारनंतर बिघडतं, त्यावरून मला पहिलं वाटतंय. तपासल्याशिवाय ठामपणे नाही सांगता येणार पण चित्र अगदी त्याच्यासारखं आहे.

आता हे होतं का. बुबुळावरचा जो पारदर्शक भाग, ज्याला आपण कॉर्निया म्हणतो, तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, पण संवेदनेच्या नसा इतक्या दाट असलेली जागा शरीरात क्वचितच दुसरी सापडेल. म्हणून तर धुळीचा एक कण गेला तरी जीव नकोसा होतो. ह्या नसा कडेने आत शिरतात आणि मग वर चढून पृष्ठभागाखाली पसरतात. लॅसिकमध्ये वरचा साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, कापून उचलतात, बिजागरीची बाजू सोडली तर बाकी सगळीकडून ह्या नसा कापल्या जातात. मग खाली लेझर मारतात, नेहमीच्या ६ मिलिमीटरच्या भागासाठी एका नंबरला अंदाजे १२ मायक्रॉन, म्हणजे तुमच्या उणे ५ ला ६० च्या आसपास, आणि तिथल्याही नसा जातात. नंबर जितका मोठा तितकं खोल जावं लागतं म्हणून मोठ्या नंबरवाल्यांना कोरडेपणा जास्त दिसतो.

ह्या नसांचं काम फक्त दुखणं कळवणं नाहीये. पृष्ठभाग सुकत चाललाय, पापणी मिटा, पाणी सोडा, हा निरोप मेंदूकडे ह्याच नेतात. निरोपच गेला नाही तर पापण्या कमी वेळा मिटतात, अश्रूग्रंथी कमी पाणी सोडते, पृष्ठभाग सुकतो, सुकल्यामुळे सूज येते आणि सुजेमुळे अश्रूंचा दर्जा अजून घसरतो. नसा परत वाढतात, हे नक्की, पण सावकाश. स्पर्श कळण्याची ताकद बहुतेकांची सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी परत येते, नसांची दाटी पूर्ववत व्हायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो.

तुमचा पहिला महिना छान का गेला ह्याचं उत्तरही इथेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत डोळा बधिर असतो, कोरडा असला तरी कळत नाही, शिवाय तेव्हा स्टिरॉइडचे ड्रॉप चालू असतात, ते सूज दाबून ठेवतात. मग ड्रॉप बंद होतात, नसा जाग्या व्हायला लागतात, ऑफिस पूर्ण वेळ सुरू होतं, आणि दोन-तीन महिन्यांवर पेशंट घाबरून येतो की आधी चांगलं होतं आता बिघडलं. बऱ्याच जणांचं बिघडलेलं नसतं, कळायला लागलेलं असतं. तरीसुद्धा "नॉर्मल आहे" एवढं म्हणून पेशंटला परत पाठवणं मला पटत नाही, अपेक्षित असणं वेगळं आणि उपचार न लागणं वेगळं.

हे किती लोकांना होतं? अमेरिकेत एफडीए, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिथली नॅशनल आय इन्स्टिट्यूट आणि संरक्षण खातं ह्यांनी मिळून प्राउल नावाचे अभ्यास केले, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी कोरडेपणाची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांवर कोरडेपणाची लक्षणं सांगितली. म्हणजे तुम्ही एकट्या अजिबात नाही. आणि त्याच अभ्यासांत बहुसंख्य लोक आपल्या नजरेवर समाधानी होते, हेही सांगायला हवं, नाहीतर माझं लिहिणं वाचून उगाच भीती बसायची.

पद्धतीनुसार थोडा फरक पडतो. नंबर घालवायच्या आणखी लेझर पद्धती आहेत. स्माइलमध्ये मोठा फ्लॅप नसतो, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतला तुकडा काढतात, त्यामुळे वरच्या नसा जास्त वाचतात आणि सुरुवातीचा कोरडेपणा सहसा कमी असतो. पीआरकेमध्ये फ्लॅपच नाही, पण कॉर्नियावरची पातळ त्वचा काढलेली असते त्यामुळे पहिले तीन-चार दिवस खूप दुखतं, जखम झाकायला बँडेज लेन्स असते, नजर स्थिरावायला आठवडे लागतात. कॉन्टुरा हे नाव आपल्याकडे फार ऐकू येतं, त्यात लेझर तुमच्या कॉर्नियाच्या नकाशाप्रमाणे मारतात एवढंच, फ्लॅप नेहमीच्या लॅसिकसारखाच कापला जातो, म्हणून कोरडेपणा होणार नाही असं कोणी सांगितलं असेल तर ते बरोबर नाही.

आईंचं उष्णतेचं म्हणणं. ह्यात वापरतात तो एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. तो ऊतीतले रासायनिक बंधच तोडतो, आजूबाजूला भाजत नाही, आणि हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्या तिघांनी दाखवलं त्यातले एक रंगस्वामी श्रीनिवासन, जन्म मद्रासचा. तेव्हा लेझरने डोळा तापून सुकलेला नाही. काशाच्या वाटीने तळपाय घासून आईंना बरं वाटत असेल तर खुशाल घासू द्या, झोप चांगली लागते, नुकसान काही नाही. पण डोळ्यात काही घालायचं नाही, गुलाबपाणी नाही, मध नाही, घरचं तूप नाही, दुधाच्या घड्या नाहीत. ह्यातलं काहीच निर्जंतुक नसतं आणि तुमच्या कॉर्नियाची राखण करणाऱ्या नसा अजून अर्धवट झोपलेल्या आहेत, जखम झाली तरी उशिरा कळेल. ह्या बाबतीत मी फार कडक आहे आणि राहणार.

तपासणीला जाल तेव्हा नुसता नंबर आणि "डोळा छान दिसतोय" एवढ्यावर परत येऊ नका, चार गोष्टी करून आकडे लिहून मागा. शिर्मर टेस्ट, खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, १० मिलिमीटरच्या वर ओली झाली तर ठीक, ५ च्या खाली म्हणजे पाणीच कमी. दुसरी, पिवळा रंग टाकून अश्रूंचा थर किती सेकंदात तुटतो ते बघणं, १० सेकंद टिकला तर चांगलं, ५ च्या आत तुटत असेल तर तुमची संध्याकाळची धूसरता तिथेच आहे. तिसरं, त्याच रंगाने पृष्ठभागावर ओरखड्यासारखे ठिपके दिसतात का. आणि चौथं, जे घाईत राहून जातं, पापणीच्या कडा दाबून आतलं तेल कसं येतंय ते बघणं.

हे तेलाचं जरा समजून घ्या कारण माझ्या मते तुमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांचा निम्मा इलाज तिथे आहे. पापण्यांच्या कडेला ओळीने बारीक तैलग्रंथी असतात, मायबोमियन ग्रंथी, वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत थोड्या कमी. प्रत्येक वेळी पापणी पूर्ण मिटली की त्यातून तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरतो आणि पाणी उडून जाणं थांबतं. आपण एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं, त्यातल्या बऱ्याच अर्धवटच मिटतात. तेल बाहेर यायचं थांबलं की आत घट्ट होत जातं, थंडीत डब्यातलं तूप थिजतं तसं, आणि मग नुसते पाण्यासारखे ड्रॉप कितीही टाका, दहा मिनिटांत उडून जातात. "डोळ्यातून तर पाणी वाहतं मग कोरडा कसा?" असं खूप जण विचारतात. तेल नाही म्हणून थर तुटतो, डोळा चिडतो, चिडून एकदम भसाभस पाणी सोडतो, ते गालावर जातं, डोळ्याला त्याचा उपयोग शून्य.

त्यावर उपाय म्हणजे गरम शेक. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून बंद पापण्यांवर आठ-दहा मिनिटं, रुमाल दोन मिनिटांत गार होतो म्हणून परत परत गरम करावा लागतो, किंवा शेकण्याचा आय-मास्क मिळतो तो वापरा. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने अगदी हलकेच. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही, चोळायचं तर अजिबातच नाही, फ्लॅप वर्षांनंतरही जोरदार घासण्याने किंवा माराने सरकू शकतो. अडीच महिन्यांवर शेक बहुतेकांना चालतो, तरी सुरू करण्याआधी तुमच्या सर्जनना एकदा विचारा, फ्लॅप त्यांनी पाहिलाय. आणि निदान सहा आठवडे रोज करा, चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडून देणारेच जास्त.

ड्रॉप. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट, दोन्ही चांगले, ह्यातलं महाग ते चांगलं असं काही नाही. बघायचं ते प्रिझर्व्हेटिव्ह. बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलं असेल आणि तुम्ही दिवसातून आठ-दहा वेळा टाकत असाल तर ते स्वतःच पृष्ठभाग खराब करतं, म्हणजे ड्रॉपनेच कोरडेपणा चालू राहतो. दिवसातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, छोट्या एकवेळच्या नळ्या किंवा खास झडपेची बाटली. त्रास सुरू झाल्यावर टाकायचे नाहीत, ठरवून टाकायचे, उठल्यावर, ऑफिसात पोचल्यावर, जेवणानंतर, चारच्या सुमारास, आणि झोपताना जाडसर जेल. एक थेंब पुरतो, दुसरं औषध टाकायचं असेल तर पाच मिनिटं थांबा. लाली घालवणारे ड्रॉप मेडिकलमध्ये सहज मिळतात, नॅफॅझोलिनवाले, ते नको, रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात आणि परिणाम गेला की डोळा आधीपेक्षा लाल.

एवढ्याने भागलं नाही आणि तपासणीत सूज किंवा ठिपके दिसले तर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप देतात. सुरुवातीला चांगलेच झोंबतात आणि परिणाम दिसायला एक ते तीन महिने लागतात, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट पंधरा दिवसांत बाटली फेकून देतो. पाणीच कमी बनत असेल तर पापणीच्या आतल्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या छिद्रात बारीक प्लग बसवतात, पाच मिनिटांचं काम, पण पापण्यांची सूज आधी बरी करून, नाहीतर सुजेचं पाणीच डोळ्यात साठत राहतं. फारच हट्टी कोरडेपणाला स्वतःच्या रक्तातल्या सीरमचे ड्रॉपही बनवतात. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला तिथपर्यंत जायची वेळ येईल असं वाटत नाही.

ओमेगा-३ च्या गोळ्यांचं तुम्ही विचारलंत. २०१८ मध्ये ड्रीम नावाचा मोठा अभ्यास आला, ५३५ लोक, रोज ३००० मिलिग्रॅम फिश ऑइल विरुद्ध ऑलिव्ह ऑइल, वर्षभर, आणि दोन्ही गटांत कोरडेपणा सारखाच कमी झाला. मासे खात असाल तर बांगडा खा, आवडीने खा, गोळ्यांवर महिन्याला हजार रुपये घालवू नका.

स्टिरॉइडबद्दल हात जोडून सांगते. ऑपरेशननंतरच्या त्या ड्रॉपने आराम पडला होता हे लक्षात राहतं, म्हणून लोक जुनी चिठ्ठी दाखवून तोच ड्रॉप मेडिकलमधून परत आणतात आणि महिनोन् महिने टाकतात. स्टिरॉइडने काही जणांचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, दुखत नाही, दिसण्यात फरक नाही, आणि मागची नस हळूहळू खराब होत राहते, ती परत येत नाही. त्यात लॅसिक झालेल्या डोळ्यात कॉर्निया पातळ असल्यामुळे प्रेशरचं मशीन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. म्हणजे वाढलेलं असूनही नॉर्मल वाटू शकतं. स्टिरॉइड मीही देते, थोड्या दिवसांसाठी, तारीख घालून, प्रेशर तपासत. स्वतःच्या मनाने नाही म्हणजे नाही.

आता तुमचा दिवस. ऐरोलीच्या त्या ऑफिसांत एसीचा झोत नेमका कुठे पडतो ते बघा, तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा किंवा झोताची पट्टी वळवून घ्या, एचआरला डॉक्टरांचं पत्र हवं असेल तर तुमचे डॉक्टर देतील, मी तर नेहमी देते. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीच्या खाली असू द्या, नजर खाली असली की पापणी जास्त झाकते आणि उघडा भाग कमी होतो, एवढ्या एका बदलाने किती आराम पडतो ते करून बघा. वीस मिनिटांनी लांब बघा वगैरे ठीकच आहे, पण नुसतं लांब बघू नका, पाच-सहा वेळा सावकाश पूर्ण मिटा, वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे. ट्रान्स-हार्बर लोकलने जात असाल तर दाराशी वाऱ्याला उभं राहू नका, टू-व्हीलरवर काच खाली, आणि घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ आहे तोवर रिक्षातही साधा चष्मा किंवा गॉगल लावाच. चष्मा जावा म्हणून एवढा खर्च केला आणि परत चष्मा, असं वाटेल, सहा महिन्यांपुरतं वाटू द्या. रात्री पंखा थेट तोंडावर नको.

सकाळ आणि संध्याकाळ ह्यातला फरक लक्षात ठेवा. दिवस चढत जातो तसं बिघडतं तो अश्रूंचा आणि पापणी न मिटण्याचा प्रश्न. उठल्या उठल्या सगळ्यात वाईट असेल तर झोपेत पापण्या अर्धवट उघड्या राहतात का ते घरच्यांना बघायला सांगा, आणि उठताना पापणी उघडली की चिरल्यासारखी कळ येत असेल तर ते वेगळंच दुखणं आहे, वरची त्वचा नीट चिकटलेली नसते, ते डॉक्टरांना नेमकं तसंच सांगा.

औषधांचंही तपासा. पावसाळ्यात सर्दीसाठी रोज सेटिरिझिन घेणं, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, काही डिप्रेशनच्या गोळ्या, ह्या सगळ्यांनी डोळे सुकतात. मनाने बंद करू नका पण डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. तोंडही कोरडं पडतंय, सांधे दुखतायत, थायरॉइड आहे, तर रक्ततपासणी लागते.

थोड्या लोकांचं दुखणं ह्या सगळ्यात बसत नाही. तपासणीत डोळा स्वच्छ, ठिपके नाहीत, शिर्मर चांगली, आणि पेशंट म्हणतो सतत जळतंय, वारा लागला तरी सहन होत नाही, झोप उडालीय. ह्यात नसा परत जोडल्या जाताना चुकीचे निरोप पाठवायला लागलेल्या असू शकतात. भूल देणारा थेंब टाकून बघतात, त्यानेही दुखणं थांबलं नाही तर मूळ पृष्ठभागाच्या पलीकडे, आतल्या नसांत आहे असं धरतात. हे दुर्मीळ आहे पण खरं आहे. "मनाचे खेळ आहेत" असं ऐकून खचलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यावर वेळेत उपचार झाले असते तर बरं झालं असतं असं आजही वाटतं. असं काही असेल तर कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे जा, न्यूरॉलॉजिस्टचीही मदत लागते.

रात्रीचे दिवे. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेझर केलेल्या भागाच्या कडेचा प्रकाश आत येतो, त्यात अश्रूंचा थर तुटका, म्हणून दिवे फुटतात. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत बरंच कमी होतं. तोवर रात्री गायमुखच्या घाटात स्वतः गाडी चालवू नका.

आणि ह्यात थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं: नजर अचानक कमी होणं, वाढत जाणारं दुखणं, एकाच डोळ्याची गडद लाली, उजेड सहन न होणं, पू, किंवा डोळ्याला मार. पावसाळा आहे, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली होती ती आठवत असेल, घरात कोणाचे डोळे आले तर टॉवेल, उशी, ड्रॉपची बाटली वेगळी. गणपतीत मिरवणुकीला जा पण गुलालापासून लांब, बंदिस्त गॉगल लावून. गेलाच डोळ्यात तर चोळू नका, ड्रॉपने किंवा स्वच्छ पाण्याने धुवा आणि दाखवून घ्या.

भावाचं. १९ वर्षांचा आहे, गेल्या वर्षात नंबर वाढलाय, ॲलर्जी आहे, डोळे चोळतो, कॉन्टॅक्ट लेन्स दिवसभर. डिसेंबरात तर मी नाहीच म्हणेन. नंबर निदान वर्षभर स्थिर हवा, आणि डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे येणं, शोधावंच लागतं, कारण तसा डोळा लेझरने आणखी कमकुवत होतो. कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी, पेंटाकॅमसारखी, करून घ्या, ती करताना मऊ लेन्स एक-दोन आठवडे आधी बंद. त्याच वेळी कोरडेपणाच्या वरच्या चारही तपासण्या करा. आधीपासून कोरडा असलेला डोळा ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त त्रास देतो, आणि आधी दोन-तीन महिने पापण्यांचा इलाज करून मग ऑपरेशन केलं तर पुढचा त्रास बराच कमी होतो, हे माझ्या रोजच्या कामात मी बघते. ॲलर्जीचा इलाज आत्ताच सुरू करा, चोळणं थांबणं सगळ्यात गरजेचं.

शेवटी एक काम ह्याच आठवड्यात करा. ऑपरेशनच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि वक्रता, किती मायक्रॉन काढले, ह्याची पूर्ण फाइल ऑपरेशन केलं तिथून मागून घ्या. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर नेहमीच्या हिशोबाने लॅसिकवाल्या डोळ्यात चुकतो, तेव्हा हे कागद फार उपयोगी पडतात, आणि काचबिंदू तपासतानाही. ते लोक तोवर कागद ठेवतील ह्या भरवशावर राहू नका, फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. द्यायला टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं.